ऑटोमॅटिक फोर-बाय-फोरला गिअरबॉक्सचा जादा कूलर: मराठवाड्यातल्या ऊन-फुफाट्यासाठी

आधी हे काम कोणी करू नये ते सांगतो. जिप्सी, गुरखा, जुनी थार, शेतावरची बोलेरो या मॅन्युअल गाड्या, त्यांना गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर लागत नाही. एएमटीलाही लागत नाही, कारण तिथं क्लच नेहमीचाच असतो, फक्त तो तुमच्या पायाऐवजी यंत्र दाबतं. सीव्हीटीचं तेल वेगळं आणि नियमही वेगळे, म्हणून ती बाजूला ठेवू. राहिल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गाड्या: २०२० नंतरची ऑटोमॅटिक थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट. त्याही चिखलात, वाळूत, चढावर किंवा ट्रॉली ओढायला वापरत असाल तरच. संभाजीनगर-पुणे हायवेवर ये-जा करणाऱ्या गाडीला कंपनीनं दिलेली सोय पुरते.

तेल तापतं कशानं

टॉर्क कन्व्हर्टरच्या आत तेलात बुडालेली दोन पातीवाली चाकं समोरासमोर असतात. एक इंजिन फिरवतं, आणि त्यानं उडवलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. हायवेवर लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकमेकांना जोडून टाकतो आणि घसर संपते. पण पाणंद रस्त्यावर काळ्या मातीत गाडी रुतली, इंजिन बोंबलतंय आणि चाकं जेमतेम हलतायत, अशा वेळी सगळी ताकद तेलातच जिरते. पाच-दहा मिनिटांत तापमान कुठल्या कुठे जातं.

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ७५ ते ९५ अंशांत सुखात असतं. १०५ पर्यंत घाबरायचं कारण नाही. ११० च्या वर जाऊन तिथंच टिकायला लागलं तर लक्ष द्यायचं आणि १२० ला थांबायचं. दर १० अंशांना तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशोबानं ९० च्या तुलनेत १२० ला ते आठपट लवकर संपतं. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याच्या दिव्यावर मात्र विसंबू नका. काही गाड्यांत तो १४०-१५० च्या आसपासच पेटतो, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

कंपनीचा कूलर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या कूलंटवर चालतो. कुठं तो रेडिएटरच्या टाकीत लपलेला असतो, कुठं गिअरबॉक्सलाच चिकटवलेला. आता कूलंटच ९० अंशांचं असताना ११० अंशांचं तेल त्यात किती गार होणार? फरक उरतो फक्त २० चा. उलट मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३ वर असला, तरी तेल आणि हवा यांच्यात ६७ अंशांचा फरक शिल्लक असतो. हवेवर चालणाऱ्या जादा कूलरचं सगळं काम या फरकावर चालतं. पण हाच हिशोब दुसऱ्या बाजूनंही मांडून बघा. किटच्या खोक्यावर लिहिलेली क्षमता २०-२५ अंशांच्या हवेत मोजलेली असेल, तर आपल्या उन्हाळ्यात तोच कूलर पाऊण भागाच्या आसपास काम करेल. म्हणून खोक्यावर गाडीचं वजन बघून एक माप मोठा घ्या.

पैसे खर्च करण्याआधी मोजा

ओबीडीला, म्हणजे डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं एखादं ॲप एवढ्यात बऱ्याच गाड्यांचं गिअरबॉक्सचं तापमान दिसतं. तुमच्या गाडीत दिसत नसेल तर सेन्सर आणि मीटर वेगळे बसवावे लागतील. सेन्सर तेलाच्या पॅनमध्ये बसवला की सगळ्या तेलाचं सरासरी तापमान कळतं. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या गरम पाईपवर बसवला तर आकडा बराच वर दिसतो आणि झटपट वरखाली होतो. दोन्ही बरोबरच आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका. मी पॅनचा धरतो, वर दिलेले आकडेही त्याचेच.

मग एखादा ठरलेला मार्ग घ्या. कन्नडचा औट्रम घाट, मांजरसुंब्याचा घाट, नाहीतर स्वतःच्या शेतातला चढ. दुपारी एसी लावून, गाडीत नेहमीएवढं ओझं घेऊन चढा आणि सर्वांत वरचा आकडा वहीत लिहून ठेवा. कूलर बसवल्यावर याच रस्त्यानं, याच वेळी पुन्हा जायचं आहे. गाळपेऱ्याच्या जमिनीत चिखलाची चाचणी घ्यायची हौस असेल तर शेतमालकाला आधी विचारा. नाथसागराच्या काठावर तर गाडी घालूच नका, ते पक्षी अभयारण्य आहे.

मोजल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की खरी गोम चालवण्यात होती. चिखलात आणि चढावर फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) रेटत राहण्याऐवजी फोर-लो (चारही चाकं, सावकाश पण जोरकस) टाका. फोर-लोमध्ये तेवढ्याच चाकाच्या वेगाला गिअरबॉक्स दोन ते अडीच पट जोरात फिरतो, कन्व्हर्टरमधली घसर कमी होते आणि तापमान लगेच उतरतं. याला एक रुपयाही लागत नाही. आकडा वर गेलाच तर इंजिन बंद करू नका, नाहीतर तेल फिरायचं थांबेल. सपाटीवर गाडी एन मध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि इंजिन १२०० च्या आसपास चालू ठेवा. पी ऐवजी एन यासाठी, की काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पी ला कूलरकडे तेल जातच नाही. रेडिएटरची जाळी मातीनं बुजलेली असेल किंवा एटीएफ काळं पडून जळका वास येत असेल, तर आधी जाळी धुवून, तेल बदलून पुन्हा मोजा.

एवढं करूनही तुमच्या नेहमीच्या वापरात आकडा ११० च्या वर राहत असेल तर पुढं वाचा.

सामान

कूलर तीन घडणीचे मिळतात. एकाच नळीला वळणं देऊन पत्रे लावलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कामाचा. पट्ट्यांचा त्याहून बरा. एकावर एक चकत्या रचलेला, स्टॅक्ड प्लेट म्हणतात तो, आकाराच्या मानानं सर्वांत जास्त उष्णता काढतो आणि धक्केही सोसतो. ऑफ-रोडला तिसराच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणारी झडप, लावावा का, असं आपल्याकडे हटकून विचारलं जातं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. सकाळी थंड हवेत हायवेला लागलात तर उघडा कूलर तेलाला गरमच होऊ देत नाही. काही गाड्यांत तेल तापल्याशिवाय लॉक-अप लागत नाही, त्यामुळे डिझेल जास्त जातं. म्हणून ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट लावलेला बरा. तेल आधी कंपनीच्या कूलरमधून आणि मग तुमच्या कूलरमधून नेणार असाल तर त्याच्याशिवायही निभावतं, कारण कूलंट तेलाला थोडं गरम करत राहतं.

होजकडे, म्हणजे तेल नेणाऱ्या लवचिक पाईपकडे, कूलरपेक्षा जास्त लक्ष द्या. पेट्रोल-डिझेलचा रबरी पाईप इथं चालत नाही. 'ट्रान्समिशन ऑइल कूलर होज' असं छापलेलाच घ्या. आता ट्रॅक्टर आणि जेसीबीमुळे प्रत्येक तालुक्याला हायड्रॉलिक पाईप क्रिम्प करून देणारं दुकान झालंय, आणि तिथला माणूस म्हणेल, "दादा, हा घ्या, दोनशे किलो प्रेशर घेतो." प्रेशर घेतोच, त्यात खोटं नाही. पण साधा आर-१ पाईप (एका तारजाळीचा हायड्रॉलिक पाईप) बहुधा १०० अंशांपर्यंतचाच असतो आणि आपलं तेल नेमकं त्याच्या वर जातं. त्याच दुकानात १५० अंशांचा पाईप मागा, मागवून देतात.

आट्यांची गोष्टही इथंच. गाडीचे आटे मेट्रिक, अमेरिकेतून आलेल्या किटचे एनपीटी (अमेरिकन माप) आणि ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारे बहुधा बीएसपी (ब्रिटिश माप). तीन अष्टमांश इंचाच्या मापात एनपीटीला इंचाला १८ आटे असतात आणि बीएसपीला १९. हातानं दोन-तीन आटे छान बसतात, मग नट अडतो, मिस्त्री पान्यानं ओढतो आणि तिथून आयुष्यभर तेल झिरपतं. आटे मोजायची पट्टी वापरा. जुळत नसेल तर वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून अडॅप्टर करून घ्या.

याशिवाय लागतात रबर लावलेल्या पकडपट्ट्या, चांगले होज क्लिप, नवे वॉशर आणि ओ-रिंग, आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं एक-दोन लिटर एटीएफ. एटीएफ सगळे सारखे नसतात. टोयोटाच्या डब्ल्यूएस ग्रेडच्या तेलाच्या जागी दुकानातलं कुठलंही लाल तेल ओतायचं नाही.

जागा

कूलर केवढा मोठा यापेक्षा त्यात हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, यावर सगळं ठरतं. बंपरच्या खालच्या जाळीमागं मोकळी जागा दिसते म्हणून तिथं बसवणारे खूप आहेत. हायवेवर तो मस्त चालतो. पण आपल्याला गार करायचंय ते ताशी पाच-सात किलोमीटरला चिखलातून रांगताना, आणि तेव्हा समोरून वारा येतच नाही. तेव्हा हवा ओढतो फक्त रेडिएटरचा पंखा, तीही त्याच्या आवरणासमोर येणारीच. खाली बंपरात बसवलेला कूलर त्या ओढीच्या बाहेर राहतो आणि फुफाटा मात्र पहिला खातो.

म्हणून पहिली पसंती एसी कंडेन्सरच्या समोर, रेडिएटरच्या पंख्याच्या टापूत. कंडेन्सरपासून १०-१५ मिमी अंतर ठेवा. पंख्याच्या टापूचा फार मोठा भाग झाकू नका, नाहीतर कूलरची गरम हवा कंडेन्सरवर जाईल आणि मे महिन्यात एसी कुरकुरेल. कोपऱ्याकडे सरकवलेला बरा.

दुसरी पसंती म्हणजे वेगळी जागा आणि स्वतःचा पंखा. गाडीच्या खाली, चेसिसच्या वरच्या अंगाला बसवतात तो. समोर जागाच नसेल तर हाच मार्ग, पण आपल्याकडे तो मला फारसा पटत नाही. पावसाळ्यात काळी माती उडते आणि सुकल्यावर पातींमध्ये दगडासारखी घट्ट बसते. पिकं काढलेल्या रानात पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटं खालून पोट फाडतात. तिथं बसवणारच असाल तर खाली जाड जाळी किंवा स्किड प्लेट लावा, आणि पंखा हवा बाहेर फेकतोय की आत ओढतोय हे कागदाचा तुकडा धरून एकदा बघा.

किटमध्ये कधीकधी प्लास्टिकच्या लांब काड्या येतात, त्या थेट कंडेन्सरच्या पातींमधून आरपार घालून कूलर लटकवायचा असतो. त्या टाकून द्या. खाचखळग्यात कूलर हलत राहतो, काडी घासत राहते आणि काही दिवसांनी कंडेन्सरला भोक पडतं. रेडिएटरच्या आडव्या पट्टीला दोन एल-पट्ट्या लावा, मध्ये रबरी बुश घाला आणि त्यावर कूलर बसवा. नळ्यांची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. तोंडं खाली केली तर आत हवा अडकते.

बसवणं

गाडी सपाटीवर, इंजिन गार, चाकांना अडणी. खाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा नको, घोड्या लावा. गरम एटीएफनं हात भाजतो आणि सायलेन्सरवर सांडलं तर पेटूही शकतं, म्हणून घाई करू नका.

प्रथम कुठली लाइन कुठली ते ओळखा. गिअरबॉक्समधून दोन पाईप निघतात. थंड गाडी चालू केल्यावर जो आधी गरम होतो तो जाणारा, दुसरा परतीचा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पाईपवर आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर मोजा. चकचकीत धातूवर तो आकडा बराच कमी दाखवतो. नवा कूलर परतीच्या लाइनवर बसवायचा, म्हणजे तेल कंपनीच्या कूलरमधून निघून तुमच्या कूलरमध्ये येईल आणि तिथून गिअरबॉक्सला जाईल. गिअरबॉक्सलाच कूलर चिकटवलेल्या गाडीत बाहेर असा पाईपच नसतो. तिथं त्या मॉडेलसाठी बनवलेली अडॅप्टर प्लेट लागते, जुगाड चालत नाही.

शक्य असेल तर गाडीचा पाईप कापूच नका, कपलिंगच्या जागी अडॅप्टर घाला. मूळ पाईप शाबूत राहिला तर वॉरंटीच्या वेळी गाडी जशी होती तशी करून नेता येते. कापावाच लागला तर पाईप कटरनं कापा, हॅक्सॉनं नाही, कारण एक बारीक चुरा आत गेला तर तो थेट व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जाऊन बसतो. कापलेल्या टोकाला फ्लेअरिंगच्या हत्यारानं कडेनं उंचवटा काढून घ्या. नुसत्या गुळगुळीत नळीवर होज चढवून क्लिप आवळला तर दाबानं तो सरकून निघतो. होज किमान २५ मिमी आत जाऊ द्या आणि क्लिप उंचवट्याच्या मागं बसवा. क्लिप रबरात रुतेपर्यंत आवळू नका.

गिअरबॉक्स आधी कधी जळलेला असेल तर जुना कूलर आणि पाईप आतून धुवून घ्या. बहुतेक वेळा नवीनच टाकलेलं बरं, कारण त्या गाळातले धातूचे कण धुतल्यानं पूर्ण निघत नाहीत.

होज चेसिसच्या वरून किंवा आतून न्या, खालून कधीच नाही. सायलेन्सरपासून चार बोटं अंतर ठेवा, ते जमत नसेल तर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. दर फूटभरावर पकडपट्टी लावा. प्लास्टिकचे टाय फक्त तात्पुरते, उन्हानं ते वर्षभरात ठिसूळ होतात. इंजिन आणि चेसिस वेगवेगळे हलतात, म्हणून त्यांच्यामध्ये होजला थोडी ढील ठेवा.

पंखा बसवत असाल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून वायरिंग करा. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून पंखा, आणि रिलेला हुकूम देणारा तापमानाचा स्विच. फ्यूज पंख्याच्या पेटीवर सांगितलाय तेवढाच, बहुतेक १५ ते २० अँपिअर. नदी-ओढे ओलांडता तिथं पंखा बंद करणारा एक स्विच डॅशवर असू द्या. फिरता पंखा पाण्यात शिरला तर पाती मोडतात.

तेल भरणं

नव्या कूलरमध्ये आणि होजमध्ये किती तेल जाईल त्याचा अंदाज आधी काढा. ९.५ मिमी आतल्या व्यासाच्या होजमध्ये मीटरला सुमारे ७० मिली मावतं. तीन मीटरला २००, त्यात कूलरचे तीनएकशे मिली. म्हणजे अर्धा लिटर आधी घाला आणि मग पातळी बघा.

डिपस्टिक असेल तर सोपं. बऱ्याच नव्या गाड्यांत ती नसते. इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, पॅनचा लेव्हल प्लग उघडायचा आणि तेल बारीक धारेनं पडतं का ते बघायचं. हे करायचं तेलाचं तापमान मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान. उन्हाळ्यात दुपारी बाहेर उभ्या असलेल्या गाडीचं तेल चालू न करताच त्याच्या आसपास पोचलेलं असतं! तेल गरम असताना फुगतं, प्लगमधून जास्त पडतं आणि शेवटी गिअरबॉक्समध्ये तेल कमी राहतं. म्हणून मार्च ते जून हे काम पहाटे करा. मिस्त्रींनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "उद्या सकाळी सहाला येतो." जास्त तेलही वाईट, फिरणारे भाग त्याचा फेस करतात आणि फेसाला दाब येत नाही.

पहिला दिवस आणि नंतर

ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा दोन-तीनदा फेरा मारा, मग खाली पांढरा पुठ्ठा टाकून प्रत्येक जोड बघा. लाल थेंब पुठ्ठ्यावर लगेच दिसतो. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा आणि कूलरच्या दोन्ही तोंडांना टेप चिकटवून तापमान मोजा. येणारं तोंड जास्त गरम आणि जाणारं थोडं गार असं असायला हवं. तेल ९५ ला असूनही कूलर थंडच असेल तर थर्मोस्टॅट उलटा बसलाय किंवा कुठंतरी होज दुमडलाय. दोन्ही तोंडं सारखीच गरम असतील तर हवा मिळत नाहीये, जागा बदला.

मग तो वहीत लिहिलेला घाट, त्याच वेळी.

पाचशे किलोमीटरनंतर क्लिप पुन्हा तपासा. पावसाळ्यात चिखलातून आलात की त्याच दिवशी धुवा, सुकू देऊ नका. पाणी मागून पुढं, कमी दाबानं मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन समोरून मारला तर पाती आडव्या होतात आणि माती आणखी आत जाते. दिवाळीनंतर मानवत-सेलूकडे फिरत असाल तर कापसाच्या गाड्यांचा तंतू रस्त्यावर उडतो, तो पातींवर चादर धरतो आणि पाण्यानं निघत नाही. मऊ ब्रशनं झटकून काढा. गवताची कुसळंही तशीच, ती चिमट्यानं.

कधी एटीएफ गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर गाडी तिथंच बंद करा आणि टो करून आणा. रेडिएटरच्या आतला जुना कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलेलं असतं आणि ते क्लचच्या अस्तराचा डिंक सोडवतं. तशा गाडीला नवा रेडिएटर घालायचा, गिअरबॉक्स पूर्ण धुवून घ्यायचा आणि उशीर झाला असेल तर उघडायचा. काढलेलं जुनं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून वापरलेलं तेल नेणारे असतात.